एका खोलीची शाळा



मागच्या खेपेला सांडग्यांवर लिहिले तेव्हा कबूल केले होते की अमेरिकेहून परतले की तिथले काहीतरी सांगेन. नायगरा आणि न्यूयॉर्क तुम्ही सगळ्यांनी पाहिलेले आहे, निदान कोणाच्या तरी व्हॉट्सअॅपवर. मी आज एका खोलीविषयी सांगणार आहे. खोली म्हणजे शाळा, तीही दोनशे वर्षांपूर्वीची.

लेक मॅसॅच्युसेट्स राज्यात राहते. नात तिसरीतून चौथीत गेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिला स्टर्ब्रिजला घेऊन गेलो. तिथे ओल्ड स्टर्ब्रिज व्हिलेज नावाचे एक गाव आहे, पण ते कोणी वसवलेले गाव नव्हे, ते गोळा केलेले गाव आहे. जवळच्या साउथब्रिज गावात चष्म्याच्या कारखान्याचे मालक असलेले वेल्स कुटुंब होते. त्यांना जुन्या घरगुती वस्तूंचा नाद. कात्र्या, चरखे, लाटणी, कुलपे, घड्याळे असे इतके साठले की घरात पाय ठेवायला जागा उरेना. (आपल्याकडे पितळी भांड्यांचा सोस असणाऱ्या बायकांना घरचे लोक काय काय बोलतात ते आठवले. कारखानदाराने केले की त्याला संग्रह म्हणतात!) शेवटी त्यांनी ठरवले की वस्तू कपाटात मांडण्यापेक्षा ज्या गावात त्या वापरल्या जायच्या ते गावच उभे करावे. १९४६ साली ते लोकांसाठी खुले झाले. दोनशेहून जास्त एकर जागा आणि चाळीसहून अधिक जुन्या इमारती, न्यू इंग्लंडच्या निरनिराळ्या गावांतून सोडवून आणलेल्या. घड्याळाचा काटा साधारण १८३० ते १८४० च्या दरम्यान थांबवलेला. लोहार खरोखर लोखंड तापवतो, कुंभार खरोखर मडकी करतो, चुलीवर खरोखर अन्न शिजते. तिकडे ह्याला लिव्हिंग हिस्टरी म्हणतात. काम करणारी माणसे वेश त्या काळचा घालतात, पण बोलताना आजचीच असतात, म्हणजे आपण शंका विचारली तर सरळ उत्तर देतात.

नातीला शाळेत बसायचे तर त्या काळासारखे कपडे असावेत, असे लेकीच्या मनात आले. विकत घ्यायला निघाली होती, मी अडवले. माझ्या बॅगेत एक जुनी सुती साडी होतीच. तिचा पायघोळ फ्रॉक शिवला आणि वर पांढरे एप्रन. चेन लावायची नाही, इलॅस्टिक घालायचे नाही, कारण तेव्हाच्या फ्रॉकना दोन्ही नसत. नाड्या आणि हूक. दोन दुपारी गेल्या, पण लेकीच्या घरी नुसते बसून राहण्यापेक्षा बरे.

शाळेची इमारत शेजारच्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या कँडिया गावाहून आणलेली आहे, १८०० ते १८१० च्या सुमाराची. लाकडी, बेताची, आपल्या खेड्यातल्या दूध सोसायटीच्या कचेरीएवढी. आत शिरल्यावर लाकडाचा आणि जुन्या धुराचा वास. दारात लांब झग्यातल्या एक बाई उभ्या होत्या. मुलींनी आत येताना गुडघे किंचित वाकवून नमस्कार करायचा, मुलग्यांनी मान झुकवायची. शाळा सुटतानाही तेच. नातीने ते इतक्या मनापासून केले की मला आमच्या पाठशाळेतले वंदन आठवले. घरी मात्र ‘पाया पड’ म्हटले की तिला दहा कारणे सुचतात.

बाईंनी आधी खोली समजावून सांगितली. त्या काळच्या शाळांत लहानांना पुढे बसवत, विस्तवाजवळ, पाठीला टेकू नसलेल्या बाकांवर. मोठे मागे, उतरत्या डेस्कांमागे. हिवाळ्यात पुढच्यांना घाम आणि मागच्यांच्या दौतीतली शाई गोठलेली. तीन-चार वर्षांच्या पोरापासून सतरा-अठरा वर्षांच्या बाप्यापर्यंत सगळे ह्याच खोलीत, एकाच शिक्षकापुढे. चाळीस मुले म्हणजे काही फार नाहीत असे समजत. बाई एकेका गटाला पुढे बोलावून धडा म्हणून घेत, तेवढ्या वेळात बाकीच्यांनी आपापले पाठ करायचे. अगदी लहानग्याला गुडघ्याशी उभे करून पेनाच्या सुरीच्या टोकाने एकेक अक्षर दाखवायचे, दिवसातून तीन-चार वेळा. मधल्या वेळात त्याने काय करायचे? गप्प बसायचे. पाय जमिनीला पोचत नसताना सहा तास गप्प बसायचे, ही त्याची खरी पहिली इयत्ता.

पुस्तक एकच, ज्यावर दोन-तीन पिढ्या वाढल्या: नोआ वेब्स्टर यांचे निळ्या पुठ्ठ्याचे स्पेलिंगचे पुस्तक. पहिली आवृत्ती १७८३ ची. अमेरिकेने इंग्रजांशी युद्ध करून स्वातंत्र्य मिळवले त्याच सुमारास ह्या शिक्षकाने ठरवले की स्पेलिंगही त्यांचे नको, आपले हवे. आज तिकडची मुले ‘कलर’ लिहिताना त्यातला ‘यू’ गाळतात तो वेब्स्टरमुळे. पुस्तकाच्या प्रती कोटींनी खपल्या. आपल्याकडच्या अंकलिपीसारखेच, घरोघरी, फाटेपर्यंत वापरलेले.

अक्षरओळखीवरून एक आठवले म्हणून सांगते, विषय सोडून नाही. आपल्याकडे पूर्वी पंतोजींच्या शाळेत मूल बसवले की धुळाक्षरे गिरवण्याआधी त्याच्याकडून ‘ओनामासीधं’ म्हणवून घेत. कुठल्याही जातीधर्माचे मूल असो. ‘ओनामा’ हा शब्द आजही आपण एखाद्या गोष्टीची सुरुवात ह्या अर्थाने वापरतो. तो आहे ‘ॐ नमः सिद्धम्’, सिद्धांना नमस्कार. म्हणणाऱ्याला अर्थ ठाऊक नव्हता, शिकवणाऱ्यालाही बहुधा नव्हता, तरी शेकडो वर्षे तो मुलांच्या तोंडी राहिला. नातीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे आपलं नाव विसरले पण पासवर्ड लक्षात ठेवला.” मला ही तुलना बरीच आवडली.

आता थोडा हिशेब, कारण मी बी.कॉम. आहे आणि ही शाळा चालायची कशी हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये १६४७ सालीच कायदा झाला होता की ५० कुटुंबांच्या गावाने लिहायला-वाचायला शिकवणारा एक शिक्षक नेमलाच पाहिजे. हेतू धार्मिक होता, पोरांना बायबल वाचता यावे आणि सैतानाचे फावू नये. पुढे गावे पसरली, शेते लांब लांब गेली, तेव्हा गावाचे तुकडे पाडून प्रत्येक वाडीची आपापली शाळा झाली. त्यालाच डिस्ट्रिक्ट स्कूल म्हणत. पैसा करातून. जळणाचे लाकूड पालकांनी वाटून घ्यायचे. मास्तराला घर द्यायचे नाही, त्याने आळीपाळीने प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी राहायचे आणि तिथेच जेवायचे. म्हणजे पगारातला मोठा भाग जेवणाच्या रूपाने. वही न ठेवता हिशेब कसा बरोबर ठेवायचा ह्याचा हा उत्तम नमुना, पण त्या मास्तराच्या पोटाचा विचार करा. आज एका घरी, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या घरी, आणि ज्या पोराला सकाळी रूळ मारला त्याच्या आईच्या हातचे रात्री खायचे.

वर्ष दोन सत्रांचे. हिवाळ्यात शेतीची कामे नसत, तेव्हा मोठे मुलगे येत आणि त्यांना आवरायला पुरुष शिक्षक असे. उन्हाळ्यात लहान मुले आणि मुली, आणि शिकवायला बाई. आम्ही उन्हाळ्यात गेलो होतो, म्हणजे समोर बाई असणे अगदी बरोबर होते. १८३७ साली मॅसॅच्युसेट्सने शिक्षण मंडळ नेमले आणि होरेस मान त्याचे सचिव झाले. त्यांनी पहिल्यांदा राज्यभरच्या शाळांचे आकडे गोळा केले. जेवणाखाण्याचा खर्च धरून पुरुष शिक्षकाला महिन्याला सरासरी २५ डॉलरच्या आसपास आणि बाईला ११ च्या आसपास. तीन महिन्यांच्या सत्राचे ७५ आणि ३३. निम्म्याहूनही कमी. पुढच्या काही दशकांत तिकडच्या शाळांत बायकाच बायका झाल्या. त्याची कारणे सांगताना स्त्रीचा मायाळू स्वभाव वगैरे बरेच लिहिले गेले. ७५ आणि ३३ शेजारी शेजारी मांडले की दुसरे कारण शोधायची मला तरी गरज वाटत नाही.

शाळेच्या इमारतींबद्दलही मान यांनी १८३८ मध्ये स्वतंत्र अहवाल लिहिला, आणि त्यात कौतुक फारसे नव्हते. वाऱ्याला उघड्या, रस्त्याच्या कडेला, मोडक्या. हे ऐकून बरे वाटले. जुने म्हणजे सगळे सोन्याचे, असे कोणी सांगू लागले की मला आधी त्यांच्या पत्र्याला भोके किती होती ते विचारावेसे वाटते.

गणितात मात्र माझी कॉलर ताठ झाली. ह्या शाळांत शेतकऱ्याच्या मुलाने अंकगणितात कुठवर जायचे? ‘रूल ऑफ थ्री’ पर्यंत. तो आला की गणित आले. तीन संख्या दिल्या, चौथी काढा. म्हणजे आपले त्रैराशिक! आर्यभटाच्या ग्रंथात ते आहे, अरबांमार्फत युरोपात गेले आणि तिथून ह्या कँडियाच्या खोलीत पोचले. आपल्या महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रहा’त त्यावर प्रकरण आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातला, नवव्या शतकातला हा ग्रंथ. बाईंनी फळ्यावर सफरचंदांचे उदाहरण घातले, नातीने तोंडीच उत्तर सांगितले. मी मागून हळूच म्हटले, “हे गणित आपल्या घरचं आहे.” तिने वळून मला गप्प बसायची खूण केली, शाळेत बोलायचे नसते म्हणून.

मग पाट्या वाटल्या. खऱ्या दगडी पाट्या, लाकडी चौकटीच्या. माझी पाटी अशीच होती, फरक इतकाच की चौकटीला मणी होते. नातीने पेन्सिल उचलली आणि लिहू लागली.

इथे मला थांबून एक सांगायला हवे. माझी नात डावरी आहे.

बाई तिच्याजवळ आल्या, वाकल्या आणि वेशातून बाहेर येऊन आजच्या बाईंच्या आवाजात म्हणाल्या, त्या काळी असते तर तुझ्या हातातली पेन्सिल काढून दुसऱ्या हातात दिली असती. पण तू आहे तशीच लिही. नातीने विचारले, “आणि नसतं ऐकलं तर?” बाईंनी टेबलावरचा रूळ दाखवला. लेखणी धरणाऱ्या तळहातावर. मारला नाही अर्थात, नुसता दाखवला.

नातीने मागे वळून आईला विचारले, “आई, तुझ्या शाळेत पण असं करायचे?”

लेक म्हणाली, “शाळेत नाही.”

एवढेच म्हणाली. मी खिडकीबाहेर पाहू लागले. बाहेर गवत होते आणि एक गाय.

मैत्रिणींनो, ही गोष्ट मी आजवर ह्या लेखांत लिहिली नव्हती. लेकही डावरीच जन्मली होती. ती पहिलीत गेली त्या वर्षी घरात सारखे निघायचे, मुलगी आहे, डाव्या हाताने पूजेचे तबक धरेल, उद्या महाराजांना आहार द्यायची वेळ आली तर काय करेल, सासरचे काय म्हणतील. कोणा एकाने म्हटले असे नाही, मीही म्हणत होते. मग मी तिचा डावा हात, अभ्यासाला बसली की, माझ्या ब्लाउजपीसच्या पट्टीने खुर्चीच्या पाठीला बांधायला लागले. घट्ट नाही, सैलच. ती रडायची नाही. आषाढ ते कार्तिक असे चार महिने. म्हणजे तो चातुर्मास होता. पालेभाजीत जीव असतात म्हणून मी चार महिने पालेभाजी घरात आणली नव्हती, पाणी दुहेरी कापडाने गाळत होते, आणि संध्याकाळी पोरीचा हात बांधत होते. ती उजव्या हाताने लिहायला शिकली. अक्षर चांगले आहे. पण अजून स्क्रू पिळते डाव्या हाताने, आंबा कापते डाव्या हाताने, आणि माझ्यासमोर असली की सुरी हात बदलते. ते मी पाहिलेले आहे.

त्या दिवशी तिथे ह्यावर काहीच बोलणे झाले नाही. बाई पुढे पिसाच्या लेखणीकडे वळल्या.

लेखणी हंसाच्या पिसाची, तिकडे पाळत त्या मोठ्या पांढऱ्या हंसाच्या. पंखाच्या टोकाकडची पाच-सहा पिसेच कामाची. ती कापून तिरकी चीर द्यायची, दर काही ओळींनी टोक बोथट झाले की पुन्हा कापायचे. मास्तराचा अर्धा दिवस पोरांच्या लेखण्या कापण्यात जायचा. आपल्या बोरूचेही असेच असायचे. आणि एक गंमत: डाव्या पंखाचे पीस उजव्या हाताला सोयीचे, कारण त्याचा बाक बाहेर जातो, डोळ्यांवर येत नाही. डावऱ्याला उजव्या पंखाचे हवे. नात लगेच पुढे सरसावली, आणि मग थबकून विचारती झाली, “पिसं ओढून काढायचे का?” बाईंनी आडपडदा ठेवला नाही. गाद्यांसाठी आणि लेखण्यांसाठी जिवंत हंसांची पिसे वर्षातून काही वेळा उपटत. आपोआप गळालेलीही वापरत, पण उपटलेली चांगली मानत.

नातीने हात मागे घेतला. पाटीवरच लिहीन म्हणाली. पाठशाळेत तिला मुनींच्या पिच्छीबद्दल सांगितलेले आहे, मोर स्वतः टाकतो तीच पिसे घ्यायची. मला कौतुक वाटले. मग वाटले, एवढ्या पोरीला पक्ष्याचे दुखणे चटकन कळते, आणि मला...

असो.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही झाडाखाली डबा उघडला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि सफरचंद. जावई म्हणाले की हे सगळे लटके आहे, खरी शाळा अशी गोड नसणार. मी आधी तेच मानत होते. गावोगावच्या इमारती सोडवून एका कुरणात मांडल्या, म्हणजे सिनेमाचा सेटच की. पण मग बोस्टनजवळच्या नॉरवूडचे आपले जैन मंदिर आठवले. ती इमारत मुळात स्वीडिश लोकांचे चर्च होती, १९८१ मध्ये आपल्या लोकांनी घेतली. तिथे भगवंत विराजमान झाले आणि दर्शनाला बसल्यावर कोणाला ते लटके वाटले नाही. जागा हलली, मालक बदलला म्हणून आत होणारी गोष्ट खोटी ठरत नाही. खोटे ठरवणारे दुसरेच असते: काय दाखवायचे नाही ते. थंडी दाखवता येत नाही, मार दाखवता येत नाही, ते समजू शकते. पण त्या बाकांवर कोण बसूच शकत नव्हते?

माझ्या मनात हे आले ते नातीच्या फ्रॉकमुळे. शाळेतल्या बाईंनीच तिला सांगितले होते की तेव्हा न्यू इंग्लंडच्या गिरण्यांत सुती कापड भरपूर निघे, आणि कापूस यायचा दक्षिणेतल्या मळ्यांतून, गुलामांनी वेचलेला. परतताना लेकीने फोनवर शोधले आणि पुढच्या शनिवारी आम्ही कनेटिकट राज्यातल्या कँटरबरी गावी गेलो. स्टर्ब्रिजहून गाडीने जेमतेम तासाभराचे अंतर.

तिथे प्रूडन्स क्रँडल नावाच्या बाईंनी १८३१ साली मुलींची शाळा काढली. गावच्या प्रतिष्ठितांनीच त्यांना बोलावले होते. दुसऱ्या वर्षी सारा हॅरिस नावाची एक काळी मुलगी आली. तिला शिकून शिक्षिका व्हायचे होते. बाईंनी तिला घेतले. गोऱ्या पालकांनी आपापल्या मुली काढून घ्यायला सुरुवात केली. तेव्हा क्रँडलबाईंनी काय केले असेल? १८३३ च्या एप्रिलमध्ये शाळा फक्त काळ्या मुलींसाठी उघडली. मे महिन्यात राज्याने कायदाच केला की बाहेरच्या राज्यातल्या काळ्या विद्यार्थ्यांना गावाच्या परवानगीशिवाय शिकवायचे नाही. बाईंना अटक झाली, एक रात्र तुरुंगात काढली, खटले चालले. दुकानदार माल देईनात. विहिरीत शेण-घाण टाकली. १८३४ च्या सप्टेंबरमध्ये रात्री जमावाने खिडक्या फोडल्या, तेव्हा मुलींच्या जिवाला धोका नको म्हणून त्यांनी शाळा बंद केली. तो कायदा १८३८ मध्ये रद्द झाला. १८८६ मध्ये त्याच राज्याने म्हाताऱ्या क्रँडलबाईंना वर्षाला ४०० डॉलर पेन्शन दिले. आज त्या कनेटिकटच्या राज्यवीरांगना आहेत आणि ते दोन मजली घर म्हणजे संग्रहालय. आम्ही गेलो त्या दिवशी ते बंद होते. कुंपणाबाहेरून पाहिले.

शेण म्हटल्यावर तुमच्या मनात कोण आले ते मला माहीत आहे. माझ्याही आले, सावित्रीबाई. मी नातीला तिथेच, गाडीला टेकून, भिडे वाड्याची १८४८ सालची गोष्ट सांगितली, शाळेत जाताना त्यांच्या अंगावर शेण फेकायचे आणि त्या जादा लुगडे बरोबर नेत. नात म्हणाली, “दोघी एकमेकींना ओळखत होत्या?”

नाही. पण एक धागा आहे, आणि तो घरी येऊन वाचेपर्यंत मलाही एवढा जवळचा ठाऊक नव्हता. कँडियाची शाळा ज्या न्यू हॅम्पशायर राज्यातली, त्याच राज्यातल्या मार्लबरो गावात १७९५ साली सिंथिया फॅरार जन्मल्या. अशाच बाकांच्या काळात वाढल्या, शिक्षिका झाल्या. बोस्टनच्या मिशनने १८२७ साली त्यांना मुंबईला पाठवले, मुलींच्या शाळा बघायला. अमेरिकेतून परदेशी गेलेल्या त्या पहिल्या अविवाहित मिशनरी बाई मानल्या जातात. पुढे त्या अहमदनगरला आल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. जोतीराव फुल्यांनी त्यांची नगरची मुलींची शाळा पाहिली आणि आपल्याकडच्या मुलींसाठी अशी शाळा हवी असे त्यांच्या मनाने घेतले. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे प्रशिक्षण ह्या फॅरारबाईंकडे घेतल्याचे चरित्रकार सांगतात. फॅरारबाई आल्या त्या आपला धर्म पसरवायला, ह्यात काही लपवण्यासारखे नाही, आणि त्या बाबतीत माझे मत मी ह्या पानावर पूर्वी दिलेले आहे. पण ३३ डॉलरवाल्या बायकांपैकी एक जहाजात बसून महिनोन्महिन्यांचा प्रवास करून नगरला आली, आणि तिच्या हाताखाली तयार झालेल्या बाईमुळे पुढे आपल्या आज्या-पणज्यांना, आणि मला सांगलीच्या कॉलेजात बी.कॉम.ला बसता आले. मग ती कँडियाची खोली मला परकी कशी वाटणार?

अमेरिकेत अशा एकखोली शाळा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन लाखांच्या आसपास होत्या. मग रस्ते झाले, बस आल्या, आणि त्या बंद पडत गेल्या. आपल्याकडे एकशिक्षकी शाळा अजून आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयतने खेड्यापाड्यांत शेकडो व्हॉलंटरी शाळा चालवल्या, त्यातल्या कित्येक एका मास्तरावर आणि देवळाच्या ओवरीवर. माझी आई असल्याच शाळेत चौथीपर्यंत शिकली. ती म्हणायची की मोठ्यांचे पाढे ऐकून ऐकून तिला तिसरीचे पाढे पहिलीतच आले. एका खोलीत शिकण्याचा हाच एक फायदा.

परत यायच्या आदल्या आठवड्यात नातीने पिसे आणली. लेकीच्या घराजवळ एक शेत आहे, तिथे पांढरे हंस पाळलेले आहेत. उन्हाळ्यात त्यांची पिसे गळतात. शेतकरीणबाईंना विचारून तिने कुरणातून वेचून आणली, पिशवीभर. मी वाचले होते की ताजे पीस मऊ असते, गरम वाळूत खुपसून कडक करायचे. मग काय, लोखंडी कढई चढवली, वाळू तापवली, अगदी शेंगदाणे भाजायला तापवतो तशी, आणि गॅस बंद करून पिसांची टोके त्यात रोवली. टोके पारदर्शक, कडक झाली. चाकूने मी कापली, चार फुकट गेली, पाचवी जमली. नातीने डावी-उजवी वेगळी केली.

तिने आधी आपली उजव्या पंखाची लेखणी घेतली आणि डाव्या हाताने लिहीत बसली. शाईचे डाग ओट्यावर, एप्रनवर, सगळीकडे. मी काही बोलले नाही. लेक भांडी आवरत होती. नातीने दुसरे पीस तिच्यापुढे धरले, “आई, हे पण उजव्या पंखाचं आहे.”

लेकीने हात पुसले. माझ्याकडे पाहिले नाही. डाव्या हातात पीस धरले, बुडवले, आणि कागदावर देवनागरीत आपले नाव लिहिले. चार अक्षरे, पण वेळ लागला. वेलांटी उलटी गेली, रेघ वर-खाली झाली, पहिलीतल्या मुलीची असते तशी.

कागद वाळायला ठेवला होता, तो मी वहीत घालून इकडे घेऊन आले आहे. विचारून घेतला.